टाकीत कोणासोबत कोण

आमच्या घरात शांतता अशी कधी नसायचीच. नगरजवळच्या केडगावच्या आमच्या घरापुढून पुण्याच्या रस्त्यावरचे ट्रक, मागच्या बाजूला रेल्वे, आणि मधोमध बैठकीच्या खोलीत अण्णांच्या टाकीतला हवेचा पंप, अष्टौप्रहर गुरगुरणारा. पंप थांबला की अण्णा गाढ झोपेतूनही ताडकन उठायचे. आम्ही तापाने फणफणलो तरी उठायची ती आई. लोक हे त्यांच्या छंदाचं कौतुक म्हणून सांगत, आणि त्यांच्या दहाव्यालाही दोघांनी ते हसत हसत सांगितलं. मी तेव्हा गप्प राहिले, कारण दहाव्याला भांडण काढायचं नसतं. इथे मात्र मला कुणाची भीड नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. नगरात त्यांचं काचेचं आणि फोटोफ्रेमचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, लग्नात द्यायचे आरसे, खिडक्यांची तावदानं. काच कापायचं हिऱ्याचं कटर त्यांनी ओढलं की माझे दात शिवशिवायचे. एकदा एका डॉक्टरांनी दवाखान्यात ठेवायला माशांची टाकी करून मागितली, ती अण्णांनी केली, ती गळाली, परत केली, आणि त्या नादात त्यांना मासे चावले ते कायमचेच. थोड्याच वर्षांत नगर जिल्ह्यात कुणाला टाकी घ्यायची असली की लोक अण्णांचं नाव घेऊ लागले. साधे गप्पी आणि गोल्डफिश त्यांना बाळबोध वाटत. त्यांचा जीव सिक्लिड जातीच्या माशांवर. निळे, पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, दिसायला देखणे आणि स्वभावाने भाऊबंदकीचे. गिऱ्हाईक त्यांना बिनदिक्कत 'चिकलेट' म्हणायचं आणि अण्णा ते दुरुस्त करत बसत नसत.

या माशांचं असं असतं की त्यांना जागा लागते. पाण्यातली एक कपार, एखादा दगड, एवढंच. पण ते आपलं म्हणून लागतं, आणि त्यात दुसरा आला की मारामारी. म्हणून अण्णांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "मासा पसंत करू नका. आधी सोबत पसंत करा." मग ते खुर्चीवर मांडी घालून सांगायला बसायचे. ज्याच्या तोंडात जो मावतो, तो त्याचा सोबती नव्हे, तो त्याचा डबा. एका नराला तीन-चार माद्या द्या, नाहीतर तो एकाच मादीला पळवून पळवून मारील. एका रंगाचे, एका अंगलटीचे दोन नर कधी ठेवू नका. वेगळ्या रंगाचा शेजारी त्यांना चालतो, आपल्यासारखा दिसणारा डोळ्यासमोर चालत नाही. टाकीत दोनच मासे असले तर एकाचं मरण नक्की, पण पंधरा असले तर मार वाटला जातो आणि सगळे जगतात. हे सगळं ते अशा थाटात सांगायचे की गिऱ्हाईक जावयाची चौकशी केल्यासारखं माना डोलावायचं. आता मोबाईलवर कुणीही हे दोन मिनिटांत सांगतं. तेव्हा ते एका माणसाच्या डोक्यात होतं आणि तो माणूस ते टाक्यांपुढे वर्षानुवर्षं बसून शिकला होता, हे मला नाकारता येणार नाही.

पाण्याचंही त्यांचं शास्त्र होतं. आमच्या बोअरचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही, नळाच्या तोटीवर पांढरी खपली धरायची, आणि त्या पाण्याने न्हालं की केसांचा कुंचा व्हायचा. आई त्या पाण्याला रोज शिव्या घालायची. अण्णांना मात्र ते अमृत. "ह्या माशांच्या मुलखातल्या तळ्याचं पानी असंच जड असतंय. ह्यांना आपलं बोअर मानवतंय," असं ते म्हणायचे. नळाचं पाणी चार दिवसांनी यायचं, ते स्वयंपाकाला. त्याला जंतू मारायला टाकलेल्या टीसीएल पावडरचा वास असायचा, म्हणून टाकीत त्याचा थेंबही चालत नसे. मागच्या दारी एक निळा पिंप होता; त्यात शनिवारी बोअरचं पाणी भरून ठेवायचं आणि रविवारी टाकीतलं अर्धं पाणी काढून ते घालायचं. पिंप भरायचं काम माझं. घरात माशांचं पाणी वेगळं होतं, माणसांचं वेगळं, आणि माशांचं आधी भरलं जायचं.

या सगळ्यात मला एक गोष्ट मनापासून आवडायची, ती सांगायला हवी, नाहीतर मी नुसतीच कुरकुरी म्हातारी वाटेन. टाकीत नवा मासा सोडायचा असला की अण्णा आधी आतले सगळे दगड बाहेर काढायचे. धुवायचे, आणि परत लावताना एकही पहिल्या जागी लावायचे नाहीत. मग टाकीवर गोणपाट टाकून अंधार करायचे, जुन्यांना पोटभर खाऊ घालायचे आणि हळूच नव्याला सोडायचे. मी लहानपणी विचारलं होतं, दगड कशाला हलवायचे म्हणून. "घर तसंच ठिवलं तर जुनी त्याला घरात येऊ देत न्हाईत. दगड हलवलं का त्येंला वाटतं, आपनबी आजच आलोय. मग समदे सारखे." किती समजूतदार वाक्य आहे. ज्या माणसाच्या तोंडून ते निघालं त्याच माणसावर मी आज चिडून लिहिते आहे, आणि त्याचं कारण मंदा.

मंदा माझी चुलत बहीण. नाना, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी राहत. जमीन माळाची, पाऊस येईल तेवढंच पीक. दिवाळीच्या आसपास नाना आणि काकू ऊसतोडीला कारखान्यावर जात ते पार उन्हाळ्यात परतत. पोरांना कुणाकडे तरी ठेवून जायची किंवा सोबत न्यायची, अशा दोनच वाटा. बाकी पोरं सोबत जायची. मंदा दहावीला आली होती आणि गावात तिच्या बरोबरीची एकही मुलगी दहावीपर्यंत टिकली नव्हती, म्हणून नानांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. मीही दहावीतच. नाना उंबऱ्यातच बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "अण्णा, एवढी धावी काढू द्या पोरीला. मंग आमी हाय आन आमचा ऊस हाय." अण्णांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "तिची काळजी तू करू नगंस." काकूंनी बाजरीचं एक गाठोडं, हुलगे आणि आमटीला लावायच्या भाजक्या पिठाचा, येसराचा डबा आईच्या हाती दिला. मंदाकडे एक कापडी पिशवी होती.

त्या घरात एकही दगड हलला नाही. माझ्या खोलीतल्या कपाटाचा खालचा कप्पा माझ्या सातवी-आठवीच्या जुन्या वह्यांनी भरलेला होता. आई म्हणाली, "काढ की गं त्या, मंदीला जागा दे." मी म्हणाले, काढते. पुढे आईने विचारलं नाही आणि मी काढल्या नाहीत. मंदाची पिशवी बैठकीतून स्वयंपाकघरात जाणाऱ्या बोळात खुंटीला टांगलेली राहिली, आणि ती झोपायचीही त्याच बोळात. अभ्यासाला ती टाकीच्या बाजूला बसायची, कारण टाकीवरची ट्यूब तशीही चालूच असायची. पहाटे अंगण झाडायचं काम तिने स्वतःहून घेतलं. पाहुण्यासारखं बसून खाणं तिला जमलं नसेल. मग धुणं तिच्याकडे आलं, आमचे चहाचे कप विसळणंही. मग शनिवारचा पिंप भरायचं माझं कामसुद्धा मी हळूच तिच्याकडे सरकवलं. कुणी तिला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. आई तिला भाकरी वाढताना हात आखडायची नाही. पण तिच्या येसराची आमटी आई आठवड्यातून दोनदा करायची आणि अण्णा मिटक्या मारत म्हणायचे, "मंदीच्या आईच्या हाताला चव हाय." मंदाच्या आईच्या हाताची चव घरात आली, बाकी मंदा बोळातच राहिली. आज मला ते लख्ख दिसतं. तेव्हा दिसत नव्हतं असं म्हणणं मात्र शुद्ध थाप ठरेल. दिसत होतं.

पहिल्याच दिवशी ती टाकीपुढे उकिडवी बसली आणि म्हणाली, "अण्णा, ही तर चिलापी हाय! आमच्या पाझर तलावात लई. मादी पिल्लं तोंडात धरती. कुनी आलं का गपकन समदी तोंडात घेती." अण्णा हातातलं काम टाकून उठले. "व्हय! त्याच जातीतली हायेत ही. तुला कुनी सांगितलं गं?" "कोन सांगनार? बघितलंय." माझा जन्म त्या टाकीशेजारी गेला होता आणि आम्ही नेहमी ऐकतो ती तलावातली चिलापी या रंगीत माशांच्या भावकीतली आहे, हे मला कधी सुचलं नव्हतं. अण्णांनी मला ते कधी सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी मी चहा न पिता शाळेत गेले.

नंतर एकदा नेवाशाकडचा एक हॉटेलवाला घरीच आला. त्याने हॉटेलात गल्ल्याशेजारी टाकी ठेवली होती, त्यात एक थोरल्या तोंडाचा ऑस्कर मासा आणि शोभेला डझनभर गोल्डफिश. तो अगदी हवालदिल होऊन सांगत होता, "अण्णा, रोज एक मासा कमी हुतोय. माझा आचारी चोरतोय बगा. मी त्याच्यावं नजर ठिवलीय." अण्णा काही बोलायच्या आत बोळातून मंदा म्हणाली, "काका, आचाऱ्याला सोडा. चोर टाकीतच हाय, लई जाडा झाला आसंल बगा." हॉटेलवाला आ वासून बसला आणि अण्णा मांडीवर थाप मारून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पोरीला डोळा हाय," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच, एकदा पाहिलं. पण मी त्यांची मुलगी होते आणि त्या पाहण्यातलं मला सगळं समजलं.

शाळेतही तेच. घटक चाचणीत बीजगणितात मंदाला माझ्यापेक्षा बरेच जास्त गुण पडले. सरांनी वर्गात आम्हा दोघींना उभं केलं आणि मला म्हणाले, "घरात क्लास आहे तुझ्या, आणि तू बाहेर शिकवणी लावतेस?" वर्ग हसला. घरी येताना मंदा म्हणाली, "छाया, तुला समीकरनं मी सांगते की. सोपं असतंय." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच मला तिची जास्त चीड आली. सरांचं हे बोलणं अण्णांच्या कानावर गेलंच. त्या आठवड्यात ते संध्याकाळी माझ्याजवळ बसून वही बघू लागले, जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

पूर्वपरीक्षा होऊन बोर्डाची परीक्षा महिन्या-दीड महिन्यावर आली होती तेव्हाची गोष्ट. टाकीतली एक पिवळी मादी दोन-तीन दिवस खात नव्हती, हनुवटीखाली फुगली होती आणि कोपऱ्यात दडून बसत होती. पट्टेरी नर तिच्या मागे लागला होता. रविवारी सकाळी अण्णा एका लग्नातल्या आरशांची ऑर्डर पोचवायला गेले. मंदाने बादलीत टाकीतलंच पाणी घेतलं, जाळीने त्या मादीला अलगद उचललं आणि बादलीत सोडून वर ताट झाकलं. "हिच्या तोंडात अंडी हायेत. हितं ऱ्हायली तर त्यो हिला मारंल, न्हाईतर ही भ्यानं गिळून टाकंल," असं ती आईला म्हणाली. आईने हं केलं.

रविवार म्हणजे पाणी बदलायचा दिवस. अण्णा जाताना टाकीतलं अर्धं पाणी काढून गेले होते आणि भरायचं मला सांगून गेले होते. मागे जाऊन पाहते तो पिंप जवळजवळ रिकामा. आदल्या दिवशी लाईट नव्हती, बोअरची मोटार चालली नव्हती, आणि आताही लाईट गेलेलीच. तेवढ्यात नळाला पाणी आलं. मी तोटीला पाईप लावला. मंदा धुणं वाळत घालायला गच्चीवर निघाली होती, ती थबकली आणि म्हणाली, "छाया, नळाचं घालू नगंस. वास येतोय बग किती. लाईट आल्यावं भरू."

मला हे माहीत नव्हतं का? मला चांगलं माहीत होतं. पाळण्यात असल्यापासून ऐकत आले होते. तिने सांगितलं नसतं तर मी कदाचित पाईप काढलाही असता. तिने सांगितलं म्हणून मी नळ पूर्ण सोडला आणि पाईपचं तोंड टाकीत टाकलं. आपल्या घरात आपल्याला कुणी शिकवायचं नाही, एवढाच एक विचार डोक्यात होता. टाकी काठोकाठ भरली, मी पाईप ओढून दारात टाकला आणि खोलीत जाऊन इतिहासाचं पुस्तक उघडून बसले.

अर्ध्या तासाने मंदाचा आवाज ऐकू आला. तिने कुणाला हाक मारली नव्हती, नुसतीच "अगं आई गं" असं काहीतरी. मासे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंडं उघडत होते. काही आडवे झाले होते, काही गरगर फिरून दगडांवर आपटत होते. मंदाने दुसरी बादली भरून आणली, पिंपाच्या तळाचं उरलंसुरलं पाणी होतं ते, आणि ती कोपरापर्यंत हात घालून एकेकाला उचलून त्यात टाकत होती. तिथेही ते मरत होते. मी दारात उभी होते. माझे हात कोरडे होते. त्याच वेळी अण्णांची स्कूटर दारात थांबली.

अण्णा आत आले आणि टाकीपुढे उभे राहिले. पाच-सहा वर्षं जपलेले मासे होते ते. मुंबईहून पिशव्यांत ऑक्सिजन भरून, गाडीत मांडीवर ठेवून आणलेले. आई स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने आल्या आल्या निकाल दिला. "सकाळधरनं हिचा हात टाकीत हाय. सकाळी एक काढला, आता समदे काढले!" अण्णांनी झाकलेल्या बादलीवरचं ताट उचललं. पिवळी मादी त्यात संथ फिरत होती, गालफडं फुगवून. आई म्हणाली, "बगा, हिच्या बादलीतला तेवडा जिता कसा?"

अण्णांनी टाकीत दोन बोटं बुडवली आणि नाकाजवळ नेली. मग त्यांनी दारात पडलेल्या पाईपकडे पाहिलं. त्याच्या तोंडातून अजून थेंब गळत होते.

"पानी कुनी घातलं?"

मंदाने माझ्याकडे पाहिलं. ती मी बोलेन म्हणून थांबली होती. दुसऱ्याच्या घरात त्या घरच्या मुलीचं नाव घ्यायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं. मी म्हणाले, "मला काय माहीत? मी आत अभ्यास करत होते." माझा आवाज जराही कापला नाही. पुढे चौतीस वर्षं मी शाळेत पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवत आले आहे, आणि दर वेळी ते वाक्य बोलताना मला माझा तो सरळ, कोरडा आवाज ऐकू येतो.

अण्णा ओरडले नाहीत. नेहमी एक गप्पी मेला तरी घर डोक्यावर घेणारे अण्णा त्या दिवशी नुसते खुर्चीवर बसले आणि लाईट येऊन पंप गुरगुरायला लागला तसं त्याचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "मंदे, पिशवी भर. उद्या सकाळी तुला नानाकडं पोचवतो." मंदा म्हणाली, "अण्णा, परीक्षा..." तिचं वाक्य तेवढंच. अण्णांनी मान हलवली. आई मासे सुपात गोळा करत होती आणि पुटपुटत होती, की दुसऱ्याची पोर सांभाळणं म्हणजे विस्तव सांभाळणं. सकाळी अण्णांनी मंदाला स्कूटरवर मागे बसवलं आणि नाना तोडीला होते त्या कारखान्याकडच्या जीपा लागतात तिथे नेलं. मी खिडकीतून पाहत होते. तिने वळून पाहिलं नाही.

फॉर्म भरलेला होता, त्यामुळे तिचं हॉल तिकीट आलं. सरांनी ते माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, "तिला परीक्षेपुरतं तरी पाठवायला सांग. ती पोरगी वाया जाऊ देऊ नका." मी ते अण्णांना दिलं. त्यांनी नीट घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. मला पहिला वर्ग मिळाला. पेढे वाटले गेले, अण्णांनी मला घड्याळ घेतलं, मी डी.एड. केलं, शिक्षिका झाले. मंदाने तो हंगाम ऊस तोडला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला मुकादम अर्धा कोयता धरतो. घरात एक लग्नाजोगी अर्धी कोयती झाली, तिचा पुरा कोयता करायचा म्हणून पुढच्या दिवाळीआधी तिचं लग्न लावून दिलं. माशांची सोबत जुळवायला अण्णा महिनाभर विचार करत. मंदाला सोबत शोधायला चार दिवस लागले आणि अण्णा त्या लग्नात अक्षता टाकून जेवून आले.

या सगळ्या वर्षांत मी एका गोष्टीवर जगले, ती म्हणजे अण्णांना मी फसवलं. पाप माझं होतं, पण अण्णा त्यात अजाण होते, त्यांना खरं कळलं असतं तर त्यांनी मंदाला ठेवलं असतं आणि मला कानफटवलं असतं. चांगला बाप, वाईट मुलगी. अशी वाटणी मला सोसत होती. अण्णा गेल्यावर तीही सोसेना, आणि गेल्या उन्हाळ्यात, तोडकरी गावाकडे परतल्यावर, मी पाथर्डीची बस धरली.

मंदाचं घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं, पण नीटनेटकं. ती माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी दिसते. मी बसले आणि लगेच, पाणीही न पिता, सांगून टाकलं. नळाचं पाणी मी घातलं होतं, तू सांगूनसुद्धा घातलं, आणि अण्णांशी खोटं बोलले. मी रडत होते. ती चुलीपुढे बसून माझ्याकडे बघत होती, आणि मला वाटलं ती आता म्हणेल, जाऊ दे गं, पोरवय होतं.

ती म्हणाली, "हे सांगाया आलीस व्हय एवढ्या लांब? मला ठाव न्हाई का? तुझ्या बापालाबी ठाव हुतं."

मी म्हणाले, अण्णांना माहीत नव्हतं.

"जीपपाशी त्येंनी मला केळं घिऊन दिलं. म्हनलं, मंदे, पानी छायानं घातलं, मला टीसीएलचा वास येत न्हाई का? तुजा दोस न्हाई. पन तू वर्गात म्होरं निगालीस का ती खचती. एकसारक्या दोगी एका घरात म्या ठिवायच्या कशा? म्हनलं, नानाला सांगू नगंस, भावाभावात वाकडं यील." मंदाने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "मी न्हाई सांगितलं. नाना मरंस्तवर मला म्हनत राह्यला, पोरी, तू लोकाच्या घरात कशाला हात घातलास."

"हॉल तिकीट?" मी विचारलं.

"कसलं हाल तिकीट?"

कित्येक वर्षं मी ज्या माणसाला माझ्या खोटेपणाचा बळी समजून त्याच्या औषधपाण्याला, त्याच्या उशापायथ्याला बसले होते, त्याने दोन बोटांच्या वासावर सगळं ओळखलं होतं, आणि थंड डोक्याने टाकीतून एक मासा उचलून बाहेर टाकावा तशी भावाची पोर बाहेर टाकली होती. माझ्यासाठी टाकली, हे त्यातलं सगळ्यात वाईट. माझ्या पहिल्या वर्गाच्या पेढ्यांवर मी थुंकते. तो माणूस जिवंत असता तर मी त्याला विचारलं असतं, की मी कुठे खचणार होते? दुसरी आले असते. दुसरी येऊन कुणी मरत नाही.

तिने चहा केला. भिंतीवर एका शाळकरी मुलीचा फोटो होता. ती म्हणाली, ही नात, औंदा धावीला. पोरगी हुशार आहे, गणितात पहिली येते, आणि तिचे आईबाप दिवाळीनंतर तोडीला जाणार. माझ्या तोंडून निघून गेलं, अगदी मनापासून, "मंदा, तिला माझ्याकडे ठेव. केडगावला. वरची अख्खी खोली रिकामी आहे. मी स्वतः तिचा अभ्यास घेईन. मला एवढं करू दे."

"न्हाई," मंदा म्हणाली. विचार करायलासुद्धा थांबली नाही. "होस्टेलला नाव घातलंय तिचं. नातेवाइकाच्या घरी म्या माजी पोर ठिवनार न्हाई. तू वाईट न्हाईस गं, मला ठाव हाय. तरीबी न्हाई."

मग ती माझ्यासमोर बसून राहिली, मी चहा संपवीपर्यंत. मी कप खाली ठेवला. तिने तो उचलला, परत माझ्या हातात दिला, आणि मोरीकडे बोट दाखवलं. मी उठले, पदर खोचला आणि कप विसळून पालथा घातला.